गेम विकत घेण्याआधी त्याचे कुलूप कसे तपासावे

ठाण्यात स्टेशनजवळ किंवा वाशीत पीसी असेंबल करून घेताना प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस असा सगळा हिशेब कागदावर मांडून झाला, की काही दुकानांत अजूनही शेवटचा प्रश्न येतो, "चार-पाच गेम टाकून देऊ का?" हे टाकून दिलेले गेम म्हणजे क्रॅक केलेल्या, म्हणजे संरक्षण तोडलेल्या चोरट्या प्रती असतात. ज्या घरात या प्रश्नाला "नको" असे उत्तर मिळते आणि पैसे मोजूनच गेम घ्यायचा असे ठरते, त्या घराच्या वाट्याला मात्र कधी कधी विचित्र अनुभव येतो. रीतसर विकत घेतलेला गेम इंटरनेट गेले की उघडत नाही, नवे ग्राफिक्स कार्ड बसवून विंडोज पुन्हा टाकले की परवाना पुन्हा मागतो, आणि काही वर्षांनी कंपनीने सर्व्हर बंद केला की कायमचा बंद पडतो. त्याच वेळी शेजारच्या मुलाची चोरटी प्रत यांतल्या कोणत्याही अडचणीशिवाय चालत असते.

पैसे देऊन गेम घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. चोरटी प्रत वापरू नये, हे माझे ठाम मत आहे. पण नक्कल अडवण्यासाठी कंपनी गेममध्ये जे तांत्रिक कुलूप घालते, ते पैसे देणाऱ्या माणसावरच संशय धरत असेल तर डोळे मिटून स्वीकारावे, असेही मला वाटत नाही. पैसे देण्यापूर्वी कुलूप पाहून घेणे आपल्या हातात आहे आणि त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

कुलपांचे प्रकार

अशा प्रतिबंधक कुलपाला सरसकट डीआरएम (डिजिटल राइट्स मॅनेजमेंट) म्हटले जाते, पण सगळी कुलपे सारखी नसतात आणि त्यांचा त्रासही सारखा नसतो. नव्वदीच्या दशकात संगणकाच्या क्लासमध्ये ज्यांनी "प्रिन्स ऑफ पर्शिया" खेळला आहे, त्यांनी एक फार जुने कुलूप पाहिलेले असण्याची शक्यता आहे. १९९० च्या डॉस आवृत्तीत पहिल्या लेव्हलनंतर बाटल्यांची एक खोली येई आणि छापील पुस्तिकेतील विशिष्ट शब्दाचे पहिले अक्षर ज्या बाटलीवर असेल तीच प्यावी लागे. पुस्तिका जवळ नसेल तर खेळ तिथेच अडे. पुस्तिका हरवली तर खऱ्या ग्राहकाचीही तीच गत होई. पैसे देणारा अडकतो आणि नक्कल करणारा वाट काढतो, ही या वादाची मूळ तक्रार तेव्हापासूनची आहे.

सीडीच्या काळात सेफडिस्क आणि सिक्युरॉम ही कुलपे आली. मूळ सीडी ड्राइव्हमध्ये आहे की नाही, हे ती तपासत. २०१५ मध्ये विंडोज १० आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सेफडिस्कच्या ड्रायव्हरला जागा दिली नाही, कारण संगणकाच्या गाभ्यात चालणारा तो जुना ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा झाला होता. निर्णय योग्यच होता, पण त्याचा परिणाम असा, की त्या काळातील मूळ सीडी आज कपाटात जपून ठेवली असली तरी त्यातले अनेक गेम सध्याच्या संगणकावर सुरूच होत नाहीत. जुन्या सीडींचा संच कोणी विकत असेल, तर घेण्याआधी त्या गेममध्ये कोणते कुलूप आहे हे नक्की शोधावे.

त्यानंतर अ‍ॅक्टिव्हेशनच्या मर्यादेचा काळ आला, म्हणजे एकच प्रत किती संगणकांवर परवाना नोंदवून सुरू करता येईल यावर बंधन आले. २००८ मध्ये "स्पोर" हा बहुप्रतीक्षित गेम तीनच संगणकांवर अ‍ॅक्टिव्हेट करता येईल अशा अटीसह विकला गेला. संतापलेल्या ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर त्याला एकेक तारा देऊन निषेध नोंदवला, अमेरिकेत कंपनीवर खटला दाखल झाला आणि शेवटी मर्यादा तीनवरून पाचवर नेण्यात आली. इतके सगळे होऊनही चोरट्या प्रतींना कुलपाने अडवले नव्हते; त्या विक्री सुरू होण्याआधीच टोरेंटवर, म्हणजे फाइली आपसांत वाटण्याच्या जाळ्यावर, फिरत होत्या.

आज आपल्याला प्रामुख्याने तीन प्रकारची कुलपे भेटतात. पहिले खात्याशी बांधलेले असते. २००३ मध्ये सुरू झालेल्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरचे बहुतेक गेम या प्रकारात मोडतात. एकदा लॉगिन झाले की हे कुलूप फारसे जाणवत नाही आणि ऑफलाइनही बऱ्यापैकी चालते. दुसरे डेनुव्हो. ऑस्ट्रियातील कंपनीने तयार केलेले हे तंत्र २०१४ मध्ये "फिफा १५" पासून वापरात आले आणि २०१८ मध्ये इर्डेटो या कंपनीने ते विकत घेतले. डेनुव्हो हे स्वतः परवाना तपासणारे कुलूप नव्हे. स्टीमसारख्या मूळ कुलपात कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून त्याच्याभोवती घातलेले ते संरक्षण आहे, आणि त्यासाठी ते संगणकाची ओळख आपल्या सर्व्हरकडे नोंदवते. तिसरा प्रकार सर्वांत जाचक, तो म्हणजे खेळत असताना सतत इंटरनेट मागणारा गेम. एकट्याने खेळायच्या कथाप्रधान गेमलाही ही अट घातलेली असू शकते, आणि गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

या तिसऱ्या प्रकाराचे काय होते, ते २०१० मध्ये जगाने पाहिले. यूबीसॉफ्ट या गेम कंपनीने "असॅसिन्स क्रीड २" च्या पीसी आवृत्तीला सतत जोडणीची अट घातली. मार्च महिन्यात त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले अनेक खेळाडू दारातच अडले. २०१३ च्या मार्चमध्ये "सिमसिटी" बाजारात आला, तेव्हा सर्व्हरवर इतका ताण आला की शहर वसवायला बसलेल्यांना तासन्‌तास रांगेत थांबावे लागले. ऑफलाइन खेळणे शक्य नाही असे सुरुवातीला सांगितले गेले होते, पण सुमारे एक वर्षाने, मार्च २०१४ मध्ये, ऑफलाइन खेळण्याची सोय त्याच गेममध्ये देण्यात आली. म्हणून "हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे" असे कोणत्याही कंपनीने सांगितले, तरी ते लगेच खरे धरू नये.

दुकानाच्या पानावर काय वाचावे

स्टीमवर गेमचे पान उघडल्यावर नजर ट्रेलर, चित्रे आणि किमतीवर जाते. त्याऐवजी पान थोडे खाली सरकवावे आणि उजवीकडचा अरुंद रकाना पाहावा. एकट्याने खेळता येतो की नाही, कंट्रोलर चालतो का, अशा खुणा तिथे एकाखाली एक असतात, आणि त्यांच्या जवळच, कुलूप असेल तर, वेगळ्या रंगाच्या चौकटीत सूचना असते. डेनुव्हो असेल तर त्याचे नाव आणि बहुधा "एका दिवसात पाच वेगवेगळे पीसी" अशी मर्यादा लिहिलेली असते. दुसऱ्या कंपनीचे खाते उघडावे लागणार असेल तर तसे वेगळे लिहिलेले असते, आणि ती ओळ मी कुलपाच्या ओळीइतकीच महत्त्वाची मानतो, कारण एका गेमसाठी दोन खाती म्हणजे बंद पडू शकणारे दोन सर्व्हर. ऑनलाइन गेममध्ये फसवणूक रोखण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात चालणारे अँटी-चीट असेल तर तेही आता, २०२४ पासून, याच रकान्यात जाहीर करावे लागते. अँटी-चीट आणि प्रतिबंधक कुलूप या वेगळ्या गोष्टी आहेत, मात्र घरच्या ज्या संगणकावर आई-वडिलांचे नेटबँकिंग चालते, त्यावर गाभ्यापर्यंत जाणारे कोणतेही सॉफ्टवेअर टाकण्यापूर्वी घरात विचारलेले बरे.

दुकानाच्या पानावर सगळेच लिहिलेले असते असे नाही. त्यामुळे पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमचे नाव टाकून पाहावे. प्रत्येक दुकानात मिळणाऱ्या आवृत्तीपुढे तिथे कुलपाची नोंद असते. एकच गेम एका दुकानात डेनुव्होसह आणि दुसऱ्या दुकानात कुलपाविना मिळतो, हे तिथेच लक्षात येते. काही प्रकाशक विक्रीचे पहिले काही महिने उलटले की अपडेटमधून डेनुव्हो काढून टाकतात, त्याचीही नोंद तिथे सापडते. ज्यांना घाई नाही त्यांनी सहा महिने ते वर्षभर थांबावे, असे मी आवर्जून सुचवेन: किंमत उतरते, चुका दुरुस्त होतात आणि अनेकदा कुलूपही निघालेले असते.

कंपन्या कुलूप का घालतात

कुलपावर टीका करताना दुसरी बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. मोठ्या गेमची बहुतांश कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते. डेनुव्हो वापरणाऱ्या गेमच्या कमाईवर २०२४ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले; पहिल्याच आठवड्यात कुलूप तुटले तर महसूल सरासरी सुमारे २० टक्क्यांनी घटतो आणि ते बारा आठवडे टिकले तर पुढचे नुकसान जवळजवळ शून्य असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. माझ्या मते या वादातली सर्वांत उपयोगी आकडेवारी हीच आहे, कारण ती दोन्ही पक्षांना काही सांगते. चोरीने काहीच बिघडत नाही हा खेळाडूंचा दावा तिच्यासमोर टिकत नाही, आणि तीन महिन्यांनंतरही कुलूप ठेवण्याचे समर्थन कंपन्यांनाही करता येत नाही. याउलट युरोपीय आयोगाने करून घेतलेल्या आणि २०१७ मध्ये उजेडात आलेल्या एका अहवालाला गेमच्या बाबतीत चोरीमुळे विक्री घटते असा ठोस पुरावा मिळाला नव्हता. प्रश्न अजून निकाली निघालेला नाही, हे मान्य करूनच पुढे जावे.

लहान निर्मात्यांची बाजू मला अधिक जवळची वाटते. २०२० मध्ये आलेला "राजी" हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या लहान स्टुडिओने तयार केला. अशा स्टुडिओकडे एक गेम पडला तर दुसऱ्यावर भरून काढण्याची सोय नसते. ठाण्यातला एखादा विद्यार्थी परदेशी बड्या कंपनीवरचा राग सांगत चोरटी प्रत उतरवतो, पण टोरेंटच्या त्याच यादीत पुण्यातल्या मंडळींचे कामही असते.

चोरीला उत्तर म्हणून कुलपापेक्षा सेवा सुधारावी, हे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये स्पष्टपणे मांडले होते. त्याहून जुने आणि मला अधिक पटलेले उदाहरण पोलंडचे आहे. १९९४ मध्ये वॉर्सात सुरू झालेल्या सीडी प्रोजेक्टला आपल्या लॅमिंग्टन रोडसारख्याच बाजारात चोरट्या सीडी विकणाऱ्यांशी स्पर्धा करावी लागे. त्यांनी १९९९ मध्ये "बाल्डर्स गेट" पोलिश भाषेत, नावाजलेल्या नटांच्या आवाजात, नकाशा आणि पुस्तिकेसह भरगच्च खोक्यातून विकला आणि लोकांनी तो पैसे देऊन घेतला. त्याच कंपनीने २००८ मध्ये कुलपाविना गेम विकणारे जीओजी हे दुकान सुरू केले.

घरी करायची चाचणी

गेम घेतल्यानंतरची पहिली संध्याकाळ महत्त्वाची असते, कारण स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. त्यामुळे चाचणी याच दोन तासांत बसवावी. गेम पूर्ण उतरवून, अपडेट करून, एकदा इंटरनेट चालू असताना सुरू करावा आणि मुख्य मेन्यूपर्यंत जाऊन बंद करावा. पहिली परवाना-नोंद यातच होते. मग स्टीमच्या डाव्या कोपऱ्यातील मेन्यूमधून ऑफलाइन जाण्याचा पर्याय निवडावा. एवढ्यावर समाधान मानू नये. राउटरची वायर काढावी, मोबाइलचा हॉटस्पॉट बंद आहे याची खात्री करावी, संगणक रीस्टार्ट करावा आणि तशाच स्थितीत गेम उघडावा. जुना सेव्ह उघडतो का, नवा सेव्ह होतो का आणि मेन्यूत एखादा भाग करडा होऊन बंद पडला आहे का, हे पाहावे.

ही चाचणी आपल्या भागात अनाठायी नाही. ऐरोली-महापे पट्ट्यात देशातील मोठी डेटा सेंटरे उभी आहेत, पण त्याच ऐरोलीत पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की आमच्या इमारतीचे ब्रॉडबँड कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत परत येत नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी माझा भाचा त्याच्या वाढदिवसाला घेतलेला, एकट्याने खेळायचा गेम उघडायला बसला आणि पडद्यावर फक्त "सर्व्हरशी संपर्क होत नाही" ही ओळ दिसत राहिली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो एकदाचा उघडला, तर आधी अपडेट हवा म्हणून अडून बसला आणि तेवढ्यात दिवसाचा डेटा संपला. ज्याने पैसे भरले आहेत त्या मुलाला याचे कारण समजावून सांगणे फार अवघड जाते, आणि "क्रॅक घेतला असता तर चालला असता" हे त्याच्या मित्राचे वाक्य मग त्याला पटू लागते. कुलपाचे खरे नुकसान मला इथे दिसते.

चाचणीत गेम नापास झाला तर परताव्याची विनंती त्याच दिवशी करावी आणि कारणाच्या जागी ऑफलाइन चालत नाही असे स्पष्ट लिहावे.

कुलूप नसलेली प्रत घेणे आणि जपणे

जो गेम वर्षानुवर्षे हाताशी हवा आहे तो जीओजीवर मिळतो का, हे आधी पाहावे. तिथे घेतलेल्या गेमची स्वतंत्र इन्स्टॉलर फाइल मिळते, तिला बसवताना इंटरनेट किंवा लॉगिन लागत नाही. संकेतस्थळावर आपल्या लायब्ररीत जाऊन गेमवर क्लिक केले की ऑफलाइन इन्स्टॉलरचा दुवा दिसतो. मोठा गेम अनेक तुकड्यांत येतो: एक लहान सेटअप फाइल आणि तिच्यासोबत बिन नावाच्या मोठ्या फाइली. हे सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये, त्यांची नावे न बदलता ठेवावे लागतात. एक जरी राहून गेला तर इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबते. फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावा, त्याला गेमचे नाव आणि आवृत्ती द्यावी, आणि नंतर एकदा त्या डिस्कवरूनच गेम बसवून पाहावा. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखी असते. दमट हवेत आणि पावसाळ्यात डिस्क वापराविना पडून राहू देऊ नये, वर्षातून दोन-तीनदा तरी जोडून पाहावी.

स्टीममध्येही बॅकअपची सोय आहे, पण तो बॅकअप पुन्हा बसवताना लॉगिन लागते. डाउनलोडचा वेळ वाचवण्यापुरताच त्याचा उपयोग आहे. भावंडांनी एकच गेम वापरायचा असेल तर एकमेकांना पासवर्ड देण्याऐवजी स्टीम फॅमिलीज वापरावे. एका घरातील सहा जणांपर्यंत लायब्ररी वाटून घेता येते, दोघे एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळू शकतात, मात्र एकच गेम दोघांना एकाच वेळी खेळायचा असेल तर दोन प्रती लागतात. धाकट्याने वाटून घेतलेल्या गेममध्ये फसवणूक केली तर थोरल्याच्या खात्यावरही बंदी येऊ शकते, हे घरात आधीच सांगून ठेवावे.

स्वस्ताईचे सापळे

पैशांची अडचण खरी असते आणि तिला मी कमी लेखत नाही. कॉलेजच्या मुलाला नव्या गेमची किंमत म्हणजे महिन्याच्या रेल्वे पासाच्या कितीतरी पट वाटते. म्हणूनच सेलची वाट पाहणे, एपिक स्टोअरवर दर आठवड्याला मोफत मिळणारा गेम खात्यात जमा करत राहणे आणि नव्याऐवजी चार-पाच वर्षांपूर्वीचा गाजलेला गेम घेणे, हे मार्ग मी सुचवतो. बाजारात मात्र याहून सोपे दिसणारे मार्ग फिरत असतात, त्यांपैकी तीन मार्गांपासून लांब राहावे.

पहिला मार्ग टेलिग्राम आणि इन्स्टाग्रामवर "ऑफलाइन अ‍ॅक्टिव्हेशन" या नावाने शे-दोनशे रुपयांत विकला जातो. विक्रेता यूपीआयवर पैसे घेतो, तुमच्याकडून संगणक दुरून चालवण्याचे सॉफ्टवेअर टाकून घेतो, आपल्या स्वतःच्या स्टीम खात्याने तुमच्या संगणकावर लॉगिन करतो, गेम एकदा सुरू करून देतो आणि मग ऑफलाइन राहण्याची सूचना देऊन निघून जातो. एकच प्रत अशा रीतीने अनेकांना विकली जाते; दिवसाला पाच पीसींची मर्यादा त्याच्या आड येते, म्हणून तो "उद्या करून देतो" असेही सांगतो. विंडोज पुन्हा टाकले, गेमला अपडेट आला किंवा विक्रेत्याचे खाते बंद झाले, की पैसे गेले. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की एका अनोळखी माणसाच्या हाती आपण काही वेळ आपला संपूर्ण संगणक दिलेला असतो, ज्यात ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्डही असतात.

दुसरा मार्ग अनधिकृत संकेतस्थळांवरच्या स्वस्त "की"चा, म्हणजे गेम आपल्या खात्यात जोडून देणाऱ्या संकेतांकाचा. चोरलेल्या क्रेडिट कार्डाने घेतलेल्या की अशा ठिकाणी विकल्या गेल्याच्या तक्रारी निर्मात्यांनी अनेकदा केल्या आहेत. कार्डाच्या मालकाने व्यवहार नाकारला की तो भुर्दंड निर्मात्यावर येतो आणि की रद्द होऊन गेम तुमच्या लायब्ररीतून जातो. की घ्यायचीच असेल तर प्रकाशकाने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावी.

तिसरा मार्ग थेट क्रॅकचा. क्रॅकसोबतच्या सूचनांमध्ये पहिली ओळ बहुधा "अँटीव्हायरस बंद करा" अशी असते, आणि ती पाळली की संगणकाचा एकमेव पहारा आपण स्वतः उठवतो. २०२१ मध्ये अँटीव्हायरस बनवणाऱ्या अवास्ट कंपनीने "क्रॅकोनॉश" नावाच्या घातक प्रोग्रामचा अहवाल दिला. गाजलेल्या गेमच्या क्रॅक केलेल्या प्रतींतून तो पसरला होता, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून अँटीव्हायरस पुसून टाकत होता आणि मालकाच्या नकळत त्याच्या संगणकावर मोनेरो हे आभासी चलन तयार करत होता. असे काही घडून बँक खात्याला धक्का लागला तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. प्रत चोरटी होती या संकोचाने तक्रार लांबवू नये, कारण पहिल्या काही तासांतच पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचे संरक्षण आहे आणि गेम त्यात येतो. कलम ६३ब प्रमाणे चोरटी प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ कुलूप तोडण्याबद्दल आहे: हक्कभंग करण्याच्या हेतूने ते तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. "हेतूने" हा शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे, आणि स्वतः विकत घेतलेला, पण बंद पडलेला गेम चालवण्यासाठी केलेल्या खटाटोपाबद्दल वकिलांमध्ये वाद होऊ शकतो. कलम ५२(१)(अअ) मात्र रीतसर प्रत बाळगणाऱ्याला, ती हरवणे किंवा खराब होणे यांपासून संरक्षण म्हणून, बॅकअप प्रत करण्याची मुभा देते. हार्ड डिस्कवर इन्स्टॉलर जपून ठेवणाऱ्याने कोणतीही भीती बाळगण्याचे कारण नाही. ती प्रत मित्राला देणे मात्र या मुभेत बसत नाही.

विकत घेतलेला गेम बंद पडला तर

यूबीसॉफ्टने "द क्रू" या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला तो गेम, एकट्याने खेळणाऱ्यांसाठीसुद्धा, संपला. यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबकाराने "स्टॉप किलिंग गेम्स" ही मोहीम उभी केली. विक्री थांबली तरी विकलेला गेम चालण्याजोगा ठेवावा, ही तिची मागणी आहे, आणि २०२५ च्या जुलैमध्ये युरोपातील तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून दुकानांवर बंधन घातले, की ग्राहकाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतो हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगावे. स्टीमच्या कार्टमध्ये पैसे भरण्याआधी दिसणारी ती ओळ आता आपल्याकडेही दिसते, ती वाचून मगच पुढे जावे.

आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, पण ग्राहक म्हणून तक्रार करण्याचा हक्क आहे. पावतीचा ईमेल, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, खरेदीच्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि चूक दाखवणाऱ्या पडद्याचा स्क्रीनशॉट या चार गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. उजवीकडच्या रकान्यातील सूचनांचा फोटो त्यात असायलाच हवा, कारण पाने नंतर बदलतात. प्रथम दुकानाच्या मदत विभागाकडे लेखी तक्रार करावी. उत्तर समाधानकारक नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील रहिवाशाला परदेशी कंपनीविरुद्धची तक्रारही ठाणे जिल्ह्यातच दाखल करता येते. कंपनीचे भारतात कार्यालय नसेल तर पाठपुरावा कठीण जातो, तरीही नोंद झालेली तक्रार नोंद न झालेल्या तक्रारीपेक्षा केव्हाही अधिक उपयोगी.

यासोबत गेमच्या पानावर परीक्षण लिहावे. शिवीगाळ न करता कोणते कुलूप आहे, इंटरनेट नसताना गेम उघडतो का, नव्या संगणकावर परवाना पुन्हा मागितला का, एवढेच तारखेसह नोंदवावे. प्रकाशक ही परीक्षणे वाचतात, आणि पुढचा ग्राहक ती वाचूनच ठरवतो. पुढे अपडेटमधून कुलूप काढले गेले, तर परत जाऊन तेही त्याच परीक्षणात लिहावे आणि नापसंतीचा अंगठा बदलावा.